रुमालाखालची बोटं

उदगीर, १९ नोव्हेंबर २०२४

चि. अमरनाथ,

अक्काचा आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटो दिसेनासा झाला, तेव्हा तुझ्या भाचीनं, सृष्टीनं सांगितलं, ‘अव्वा, मामानं तुला ब्लॉक केलंय.’ बरं केलंस. आता मी स्पीड पोस्टनं येते. पोस्टमनला ब्लॉक करता येतं का बघ.

आधी कामाचं. सोबत संमतिपत्र आहे. देगलूर रोडचा प्लॉट आपल्या अव्वानं जाताना आपल्या दोघांच्या नावावर केला, म्हणून तुझी सही लागते. नाहीतर मी तुला एक ओळसुद्धा लिहिली नसती. गिऱ्हाईक तयार आहे. सही कुठं करायची तिथं पेन्सिलनं फुली मारली आहे. तुझा अर्धा वाटा तुझ्या हातात देईन. माझ्या वाट्याचं मी काय करणार हे तुला माहीत आहे, आणि ते विचारायचा तुला हक्क नाही.

तरी सांगते, नाहीतर अक्कानं लपवलं म्हणशील. तुंगसुवर्ण कंपनी जुन्या भागधारकांना नवे शेअर स्वस्तात देणार आहे. खाणीचं पुढचं काम त्या पैशातून होईल. मुदत १६ डिसेंबरपर्यंत. दर सोमवारी बाजार उठल्यावर आपल्या आडतीत जी मंडळी बसतात, त्या सगळ्यांनी आपल्या जावयानं सुचवलेले हे शेअर माझ्यामागून घेतले. आता तीच मंडळी माझ्या तोंडाकडे बघत आहेत. नीलाबाई शिलाईवाली तर चारचौघांत म्हणाली, ‘शिवम्माअक्का भरल्या की म्या भरते.’ आपल्या अप्पांच्या काळात शेतकरी दुकानात माल टाकून निवांत गावी जायचे, भाव दुसऱ्या दिवशी विचारायचे. तुझे दाजी गेल्यावर ही गादी मी सांभाळली, तो भरवसाही सांभाळला. तू रेल्वेच्या ऑफिसात पंख्याखाली बसलास.

दसऱ्याचं मी विसरलेले नाही. भरल्या दुकानात तू संगमेशरावांच्या हातात आपट्याचं पान ठेवलंस आणि म्हणालास, ‘घ्या जावईबापू, तुमच्या खाणीतून आजवर एवढंच सोनं निघालंय.’ हमालसुद्धा हसले. जावयाचं तोंड काळंठिक्कर पडलं. लातूरच्या क्लासमध्ये शेकडो पोरांना गणित शिकवणारा माणूस तो, त्याला हिशेब कळत नाही आणि तुला कळतो? मी तुला पायरी चढू नको म्हटलं ते रागात म्हटलं, पण उगाच म्हटलं नाही.

तुझ्या दीपमालाला आशीर्वाद. सही लवकर पाठव.

तुझी अक्का

उदगीर, २७ नोव्हेंबर

अमर,

तुझं पाकीट मिळालं. कोरं संमतिपत्र आणि मागं एक ओळ. ‘अक्का, पोत्याचा तळ बघितलास का?’ बस. नांदेडला शाई महाग झाली की काय?

आणि हे तू मला विचारतोस? अप्पा पोतं आडवं पाडून लोखंडी नळी तळाच्या कोपऱ्यात खुपसायचे, तेव्हा तू गोट्या खेळत होतास. ती नळी मी पुसून ठेवायची. तोंडाशी चांगली तूर आणि खाली खडे, असा माल मी अजूनही वासावरून ओळखते. पण खाण म्हणजे पोतं नाही. तिचा तळ बघायला कंपनीनं जमिनीत भोकं पाडली आहेत, त्याचे अहवाल निघतात, ते शिकलेली माणसं वाचतात.

परवाच्या सोमवारी त्यावरच झालं. बसलिंगप्पा काका दोन कागद घेऊन आले. तलाठी होते ना, कागद हातात आला की त्यांना राहवत नाही. म्हणाले, “संगमेशराव, ह्यो उन्हाळ्यातला अहवाल आन ह्यो दिवाळीचा. आकडे सगळे त्येच हायत. तारीख तेवढी बदलली.”

“काका, खडक तोच हाय ना?” संगमेशराव म्हणाले. “मग आकडे दुसरे कुठून आणायचे?”

सगळे हसले. मीही हसले. मग नीलाबाईनं तोंडातली सुई काढली.

“सर, येक अडाण्याचं इचारू? सोन्याचा भाव बाजारात रोज वर जाऊन राहिला. मंग सोन्याच्या खाणीचा शेअर खाली का येऊन राहिला?”

सगळ्यांनी संगमेशरावांकडे बघितलं. शेअर थोडा खाली आहे, हे तुला मागच्या पत्रात लिहायचं राहून गेलं.

संगमेशरावांनी नीट समजावलं. म्हणाले, “मोठी माणसं मुद्दाम पाडून राहिलीत, मावशी. आपल्यासारख्यानं भिऊन विकावं आन त्यांनी गुमान गोळा करावं. जे आता थांबतील, त्यांचंच सोनं होईल.”

“हाव, पर थांबायचं किती?”

“खाण म्हंजे सोयाबीन न्हाई मावशी, पेरलं की दिवाळीला काढायला.”

मला ते पटलं. तुलाही पटलं असतं, पण तू ऐकून घेतलंस तर ना. काकांनी तोच प्रश्न कंपनीच्या ग्रुपवर टाकला, तर त्यांचा चहा संपायच्या आत त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. खाली कुणीतरी लिहिलं, ‘आणखी एक शंकासुर गेला.’ पहिला शंकासुर कोण, ते तुला सांगायला नको. काका सगळ्यांना फोन दाखवत फिरले. “बघा, मला काढलं. मी नुसतं इचारलं व्हतं.” त्यांचा चेहरा पाहून मला कसंसंच झालं.

शेवटी मीच म्हटलं, उगाच इथं बसून भांडायचं कशाला? जाऊन बघू. संगमेशरावांनी कंपनीला फोन लावला, ते लगेच या म्हणाले. ७ तारखेला गाडी करून निघतो. कृष्णेच्या पलीकडे, रात्रीचा मुक्काम करून परत. झालं तुझं समाधान? तळ बघायलाच चालले आहे.

संमतिपत्राची दुसरी प्रत जोडली आहे. यावेळी मागच्या बाजूला नको, पुढच्या बाजूला लिही.

अक्का

उदगीर, ९ डिसेंबर

चि. अमर,

काल परत आलो. प्रवास छान झाला. जाताना नीलाबाईनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी सगळ्यांना पुरवली. काका खिडकीशी बसून प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं वाचत होते. कंपनीच्या लोकांनी नारळपाणी दिलं, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या चढवल्या आणि फोटो काढले. टोपीत मी अगदी अप्पांसारखी दिसते असं सृष्टी म्हणाली. फोटो पाठवला असता, पण कुठं पाठवू?

एक साहेब होते, फार गोड बोलायचे. मला ‘अम्मा, अम्मा’ म्हणत होते. जमिनीतून काढलेल्या दगडाच्या लांब कांड्या त्यांनी दाखवल्या. लाकडी पेट्यांत एकाशेजारी एक रचलेल्या असतात. एका कांडीवर पाणी टाकलं की पिवळी रेघ चमकते. सगळ्यांनी हात लावून बघितलं. नीलाबाईनं तर नमस्कार केला.

येताना गाडीत गाणी झाली. माझं डोकं दुखत होतं म्हणून मी डोळे मिटून बसले होते. ताडपत्रीच्या दोरीनं हाताला थोडं खरचटलंय, ते काही विशेष नाही.

आज सकाळी दुकानाचा खालचा खण आवरला तर अप्पांचा रुमाल सापडला, तो मोठा, विटकरी रंगाचा. आठवतं तुला? बाजार समितीनं रुमालाखालचा सौदा बंद केला, पण जनावरांच्या बाजारात अप्पा शेवटपर्यंत तसाच सौदा करायचे. घेणाऱ्याचा हात, देणाऱ्याचा हात, वर रुमाल, आणि आत बोटं दाबून भाव. समोर शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळायचं नाही. आपण दोघं अव्वाच्या पदराखाली तेच खेळायचो. भाकरी किती खाणार ते तू बोटं दाबून सांगायचास, आणि तिच्यासमोर मात्र भूक नाही म्हणायचास. अप्पांनी एकदा तुझा कान धरला होता. म्हणाले, रुमालाखाली खोटं बोलायचं नाही, आणि रुमालाखालचं बाहेर सांगायचं नाही.

कशावरून कुठं गेले. सहीचं बघ. म्हणजे घाई नाही. तुझ्या सवडीनं.

अक्का

उदगीर, ११ डिसेंबर

अमर,

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तू मला ओरडलास तरी इथं ऐकू येणार नाही.

त्या पेट्या खांद्याइतक्या उंच रचलेल्या होत्या, वर ताडपत्री, बाजूनं दोरी. साहेबांनी ताडपत्री वरून थोडी बाजूला केली आणि वरच्याच दोन पेट्या दाखवल्या. सगळे तिथं गोळा झाले, फोन बाहेर निघाले. मी मागच्या बाजूला गेले. काही ठरवून गेले नाही. तीस वर्षं पोत्यांच्या थप्प्यांमधून फिरते, पाय आपोआप मागं गेले. खाली वाकले, दोरीतून हात घातला आणि सगळ्यात खालच्या पेटीच्या उघड्या तोंडातून आत चाचपून बघितलं.

रिकामी होती रे. कोपरापर्यंत हात गेला, कशालाच लागला नाही. मग शेजारची बघितली. तीही तशीच. तिच्या वरच्या पेटीच्या फटीतून बोटं घातली, तिथं नुसती माती होती.

मी साहेबांना बाजूला घेऊन विचारलं, खालच्या पेट्यांतलं काय झालं? ते हसले. “अम्मा, ते तपासणीला गेलेत, लॅबला.” मी म्हटलं, मग खालचं काढायला वरच्या सगळ्या पेट्या उतरवल्या असतील, ताडपत्रीवरची धूळ एवढी जाड कशी? ते म्हणाले, “चहा घ्या, अम्मा.”

कदाचित खरंच लॅबला गेलं असेल. मला खाणीतलं काय कळतं? पण असं पोतं माझ्या दुकानात आलं असतं तर मी त्या माणसाला फाटकाबाहेर काढलं असतं.

आता तू म्हणशील, मग सांग की सगळ्यांना. तुला सोपं आहे. तू दसऱ्याला बोललास आणि रात्रीच्या गाडीनं नांदेडला गेलास. मला इथं राहायचंय. चारचौघांत जावयाला मी खोटं पाडलं, तर सृष्टीनं कुठल्या तोंडानं लातूरला जायचं? ती आठ दिवस माझ्याकडे आहे. काल भाकरी थापताना म्हणाली, ‘अव्वा, मामा तसं बोलल्यापासून हे जेवताना शब्द बोलत नाहीत. ताट समोर असतं आणि फोनमध्ये शेअरचा भाव बघतात.’ मी म्हटलं, कामाचा ताण असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. पोटची पोर आहे, तिला कळतं मी कधी थापा मारते ते.

आणि नीलाबाई. ती काल दुकानात आली, मशीनच्या तेलाचा वास तसाच अंगाला. म्हणाली, “अक्का, म्या दुसरी मशीन इकून राहिले. सोमवारच्याला भरायचं हाय ना? तुमी भरून राहिलाव म्हणल्यावर मला कसलीच फिकीर न्हाई.” मला तिला थांबवता आलं असतं. मी तिला चहा दिला. त्या साहेबानं मला दिला तसाच.

मला भीती वाटतेय, अमर. पैशाची नाही. सोमवारी सगळे माझ्याकडे बघतील, मी ‘भरा’ म्हटलं तर भरतील. ‘नको’ म्हटलं तर माझ्या लेकीचं घर हलेल. आणि गप्प बसले तर तेही ‘भरा’ म्हटल्यासारखंच आहे. मी काय करू ते सांग. या पत्राला तरी उत्तर दे.

अक्का

उदगीर, १७ डिसेंबर

अमरनाथ,

काल सकाळी पोस्टमन आला. तुझं पाकीट. फोडलं तर संमतिपत्र, पेन्सिलच्या फुलीवर तुझी सही, आणि चिठ्ठी. ‘अक्का, मला अजून पटत नाही. पण तुझ्याशी न बोलता राहणं त्याहून जड जातंय. प्लॉट जाऊ दे.’ खाली तारीख १० डिसेंबर. म्हणजे रिकाम्या पेट्यांचं पत्र मी लिहायच्याही आधी तू सही केलीस. मी बरोबर आहे असं वाटून नाही केलीस. मी तुझी अक्का आहे म्हणून केलीस. सोयाबीनच्या पोत्यावर बसून मी रडले, हमाल घाबरून पाणी घेऊन आला.

गिऱ्हाइकाचा दोनदा फोन आला. तो टोकन द्यायला तयार होता. सही हातात होती, वेळ होती. ‘अमरची सही नाही’ हे कारण सांगायलाही आता जागा उरली नव्हती.

संध्याकाळी सगळे जमले. संगमेशराव लातूरहून लॅपटॉप घेऊन आले, एकेकाचं भरून देणार होते. मी विचारलं, बोला, कुणाच्या मनात काही शंका आहे का? काका म्हणाले, “आता कसली शंका? बघून आलाव की.” नीलाबाई म्हणाली, “न्हाई बा.” संगमेशराव म्हणाले, “शंभर टक्के भरवसा हाय, आई.” जो तो दुसऱ्याकडे बघून बोलत होता. ग्रुपमधून काढून टाकतील अशी भीती असल्यासारखं.

तेव्हा मी गल्ल्यामागून अप्पांचा रुमाल काढला.

म्हटलं, आता तोंडानं नको. एकेकानं माझ्या हातात हात द्यायचा. मनात जेवढा शक असेल तेवढी बोटं दाबायची. मुळीच नसेल तर एकही नको. भरवसा उरलाच नसेल तर पाचही. आत काय झालं ते मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. आणि अप्पांच्या रुमालाखाली खोटं बोलायचं नाही.

हसले आधी. मग हसेनात. जुनी माणसं आहेत, रुमाल बघितला की हात आपोआप पुढं येतो. एकेक आला आणि गेला. कुणी किती दाबली ते तुलाही सांगणार नाही. एवढंच सांगते, एकही हात मुका आला नाही. जी तोंडं महिनाभर ‘भरू, भरू’ करत होती, त्यांचेच हात होते ते. मला वाटायचं शंका मला एकटीला आहे.

शेवटी संगमेशराव राहिले. सासूनं जावयाचा हात धरायचा म्हणजे विचित्रच. ते म्हणाले, “माझं कशाला आई, मी तर सांगितलं की.” मी हात पुढं केलेला तसाच ठेवला. सृष्टी मागच्या दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग रुमालाखाली हात घातला. किती वेळ लागला, सांगता येत नाही. हात थंडगार होता. त्यांनी जे सांगितलं ते मी लिहिणार नाही, रुमालाची आण आहे. पण सांगून झाल्यावरही त्यांनी माझा हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.

मग मी म्हटलं, सौदा मोडला. माझ्यापुरता मोडला. आणि खालच्या पेट्यांचं सगळं सांगितलं. आधी का नाही सांगितलं म्हणून नीलाबाई माझ्यावर ओरडली. ओरडू दे, तिचा हक्क आहे. मशीन अजून विकली नव्हती, परमेश्वराची कृपा. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आधी जे घातलंय ते आता सगळ्यांचंच अडकलंय, त्याचं काय होईल ते कुणालाच माहीत नाही.

आणि गंमत ऐक. बसलिंगप्पा काकांनी जाता जाता पायरीवर उभं राहून मोबाइलवरून पैसे भरून टाकले. मी म्हटलं, काका, पहिला प्रश्न तुम्ही विचारला होता! तर म्हणाले, “इचारलं म्हंजे सोडलं असं हाय का? सोनं निघालं तर मला एकट्यालाच मिळंल की.” आता या माणसाला काय म्हणावं?

सगळे गेल्यावर संगमेशरावांनी लॅपटॉप मिटला, रुमालाची चौकोनी घडी केली आणि खणात ठेवली. मग पानावर बसले. सृष्टीनं भाकरी वाढली. फोन खिशातच होता. तीन भाकरी खाल्ल्या रे पोरानं. हात धुताना म्हणाले, “मामा बरोबर बोलले व्हते. पर सगळ्यांसमोर बोलायला नको व्हतं.” मी म्हटलं, हे दोन्ही खरं आहे. हे तुलाही लागू आहे, लक्षात ठेव.

तुझी सही परत पाठवते आहे. मी फाडली नाही. तू केलीस, तूच फाड. ब्लॉक काढ किंवा नको काढूस, पण संक्रांतीला दीपमालाला घेऊन ये. पायरी चढू नको म्हटलं होतं ते मी मागं घेते.

आणि एक काम आहे तुझ्याकडे. काल मी सगळ्यांचे हात धरले. माझा हात धरून विचारायला कुणी नव्हतं. अगदी पहिल्या दिवशी, संगमेशरावांनी खाणीतला म्हणून एक चमकणारा दगड आणून गादीवर ठेवला होता तेव्हा माझ्या मनात किती शंका होती, ते कुणालाच माहीत नाही. खणात रुमाल ठेवलाय. तू ये, हात घाल आणि विचार. तुला मी खरं सांगेन.

तुझी
अक्का